घड्याळजीचे अकरा भाग

७ फेब्रुवारी १९९५, मंगळवार

सकाळी दहा वीसला माझ्या बोर्डावरचे सहा दिवे एकदम लागले आणि एकदम विझले. सव्वीस वर्षं मी या खाणीच्या टेलिफोनवर बसते. दिवे असे विझले की काय समजायचं, ते मला कुणी शिकवायला नको.

पश्चिमेकडच्या बोगद्याचं छत बसलं. एकोणीस जण आपल्या पायांनी वर आले. दोघं आले नाहीत. एक प्रोखोर, लाकडी टेकू लावणारा, अठ्ठावन्न वर्षांचा, सहा वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून एकटा. दुसरा त्याचा जोडीदार मन्सूर, छत्तिशीचा, तातारांच्या आळीतला. त्याची बायको अल्सू बालवाडीत शिकवते. मुलांसाठी कापलेले रंगीत कागद हातात तसेच धरून ती धावत आली. फाटकाशी ते बर्फावर सांडले आणि कुणी उचलले नाहीत.

त्यांच्या बाजूची लाइन मुकी आहे. दिवसभर चौदा नंबरची कळ दाबत राहिले. बोटाला वळ उठलाय. आणखी लिहवत नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

चौदा नंबरचा दिवा नऊ वाजता लागला. क्षणभर मला हात लावायचीच भीती वाटली.

"कापा," माझं नाव घेत प्रोखोरचा आवाज आला (कापितोलिना कुणी म्हणत नाही), "वर सगळे मेलात की काय? तासभर या डबड्याला बुक्क्या मारतोय."

मला रडू फुटलं. तर म्हणतो, "रडू नकोस, तार भिजेल."

दोघं जिवंत आहेत. चारशे मीटर खाली, घराच्या ओसरीएवढ्या जागेत. हवेच्या नळीतून थोडी हवा येते आहे, भिंतीतून पाणी पाझरतंय, खायला अर्धा पाव आणि एक कांदा. मन्सूरच्या छातीवर तुळई पडली होती. प्रोखोरनं ती उचलून काढली, पण बरगड्या गेल्यात. श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, तो मला वर ऐकू येतो.

दुपारी जिल्ह्याहून बचाव पथक आलं. त्याचा प्रमुख देम्यान ओसिपोविच. बुटका माणूस, आवाज पत्र्यावर कानस घासल्यासारखा. आल्या आल्या त्यानं मला नियम सांगितले. दर अर्ध्या तासानं बोलायचं. दिवसाची पाळी माझी, रात्रीची दुसऱ्या टेलिफोनवालीची, तोन्याची. आणि नातेवाईक या खोलीत पाऊल टाकणार नाहीत.

"एक मिनिट तरी, साहेब," अल्सू दाराबाहेरून म्हणाली. "फक्त त्याचा आवाज."

"बाई, वरचं रडणं ऐकलं की खालचा माणूस खचतो. बावीस वर्षं हेच बघतोय मी."

"मी नाही रडणार."

"सगळ्या असंच म्हणतात."

ती बाहेरच्या बाकावर बसली. मला त्याचा राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता हेही मला माहीत आहे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

दर अर्ध्या तासाला मी विचारते, "आहात का?" तिकडून येतं, "आहोत." मग दोन्हीकडे सामसूम. हवेबद्दल किती बोलणार? प्रोखोरचा दिवा पहाटेच संपला. अंधारात बसलेत.

अकराच्या सुमाराला मन्सूरनं फोन मागून घेतला. "कापामावशी, अल्सू आहे का तिथं? तिला म्हणा, घड्याळजी सांग. दात दुखला, ताप आला, की आम्ही तेच करतो. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं."

'बंदरातला घड्याळजी' माहीत नाही असा माणूस आमच्या गावात मिळायचा नाही. बारा भागांची मालिका. पहिल्यांदा लागली एकाहत्तर साली, तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी लागते आणि दर वेळी लोक ताटं घेऊन समोर बसतात. गोष्ट युद्धातली. आपला हेर शत्रूच्या ताब्यातल्या बंदरात घड्याळजी बनून दुकान थाटतो.

आता खरं लिहिते, वही माझीच आहे. मी ती पाहिलेली नाही. एकही भाग नाही. एकाहत्तर साली मी बिनलग्नाची होते, म्हणून त्या वेळची पाळी सगळ्या बायांनी माझ्या गळ्यात मारली. बारा संध्याकाळी मी मुक्या बोर्डापुढे बसून होते. दुसऱ्या दिवशी त्या बोलायच्या, मी मान डोलवायची. इतकी वर्षं मान डोलवल्यावर पुढं बघायला बसायचीही लाज वाटली. प्रोखोरनंही पाहिलेली नाही, पण तो ते छातीठोकपणे सांगतो. टीव्हीसमोर गर्दी जमली की हा गळ घेऊन नदीवर.

देम्यान ओसिपोविचला विचारलं. त्यानं मिनिटभर माझ्याकडे बघितलं. "सांगा. झोपू देऊ नका म्हणजे झालं. गार जागेत झोपलेला माणूस उठत नाही."

मग असं ठरलं. अल्सू बाकावर बसून मला सांगणार, मी आत येऊन खाली सांगणार. बालवाडीची बाई ती, सांगते सुरेख. पहिल्या भागात तो पेटी घेऊन बंदरात उतरतो, दुकान झाडतो, बसतो आणि एक घड्याळ साफ करतो.

"मग?" प्रोखोर.

"साफ करत राहतो. अल्सू म्हणते, बराच वेळ."

"आणि हे बघायला अख्खा देश घरी बसायचा? घड्याळ पुसणारा माणूस?"

मागून मन्सूरचा आवाज, शिट्टीसकट. "काका, गप्प ऐका. तो घाई करत नाही, तेच तर बघायचं असतं. सगळे त्याच्या जिवावर उठलेत आणि तो स्क्रू मोजतोय. शेवट माहीत असला ना, की असं बघायला फार बरं वाटतं."

पहिला आणि दुसरा झाला. अल्सूनं विचारलं, "बोलला का तो?" मी सांगितलं, बोलला, काकाला दटावलं. ती ओठ घट्ट मिटून हसली.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

पथकाला खडक लागलाय. आज दोनच मीटर सरकले.

अकरानंतर तिसरा भाग घेतला. यात शत्रूच्या कमांडंटचा एक जाडा शिपाई दुकानात पहारा द्यायला येतो आणि खुर्चीतच झोपतो. भिंतीवरच्या घड्याळातून लाकडी कोकिळा बाहेर येऊन ओरडते. शिपाई दचकून उठतो आणि तिलाच सलाम ठोकतो. अल्सूनं बजावलं होतं, "इथं जरा थांबा. तो इथं हसतोच. वीस वेळा बघितलंय तरी हसतो."

मी थांबले. आणि खरंच, मन्सूर हसला. मी माझ्या कानांनी ऐकलं. हसता हसता खोकला लागला. खोकला बराच वेळ चालला.

मग प्रोखोर म्हणाला, "थांब जरा कापा."

मी थांबले. घड्याळाकडे बघत होते, चार मिनिटं काहीच आवाज नाही. "आहात का? आहात का?" विचारत राहिले.

"आहोत," शेवटी तो म्हणाला. "झोपला तो."

"झोपू देऊ नका म्हणालेत!"

"असू दे. थकलाय. मी आहे ना त्याच्याजवळ. तू सांग पुढं, मी त्याला नंतर सांगेन."

अल्सूला सांगितलं की तो कोकिळेवर हसला. तिनं माझे दोन्ही हात धरले. आज पहिल्यांदा तिनं उपाहारगृहातलं कोबीचं सूप घेतलं. मलाही जरा हलकं वाटलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

काल चौथा आणि पाचवा, आज सहावा. मन्सूर आता फोनवर येत नाही. प्रोखोर म्हणतो, बोललं की बरगडी टोचते, पण ऐकतो सगळं, मान हलवतो. अंधारात मान हलवलेली याला कशी दिसते, हे विचारणार होते. मग म्हटलं, हात ठेवून बसला असेल.

प्रोखोर मात्र पुरता गुंतलाय. इतकी वर्षं नाक मुरडणारा माणूस, आता अर्धा तास व्हायच्या आधीच माझ्या बोर्डावरचा दिवा लावतो. "मग? चिठ्ठी सापडली का त्यांना?" कपडे धुणारी लीदिया घड्याळजीला मदत करते. कमांडंटच्या सदऱ्यांच्या खिशांतले कागद ती आणून देते. आज प्रोखोर म्हणाला, "मन्सूर विचारतोय, त्या परटिणीचं लग्न झालंय का?"

मी बाहेर जाऊन अल्सूला विचारलं. ती कागदाच्या घड्या घालत बसली होती. थांबली.

"हे मन्सूरनं विचारलं?"

"हो. का गं?"

"त्याला सगळं तोंडपाठ आहे, कापामावशी. कुठल्या भागात लीदिया कुठला रुमाल बांधते, तेसुद्धा."

"ताप असेल अंगात. तापात माणूस स्वतःचं नाव विसरतो."

"हो," ती म्हणाली. "ताप असेल."

मग ती पुन्हा कागद घेऊन बसली आणि एकच घडी परत परत घालत राहिली. मी काहीतरी चुकीचं बोलले का? ताप म्हणायला नको होतं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस कसा गेला, माझं मला ठाऊक.

सातवा भाग. अल्सूनं तो मला अगदी हळू सांगितला, माझ्याकडे न बघता. लीदियाला पकडतात. पहाटे बंदराच्या भिंतीशी उभी करतात आणि गोळी घालतात. ती शेवटपर्यंत घड्याळजीचं नाव सांगत नाही. "जसंच्या तसं सांगा," अल्सू म्हणाली, "आणि मन्सूर काय म्हणतो ते मला जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. खाली इतका वेळ शांतता की मला वाटलं लाइन गेली. मग प्रोखोर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मारली? खरंच मारली?"

"मन्सूर काय म्हणतो?"

"मन्सूर..." तो अडखळला. "रडला तो. हुंदके देऊन रडला बिचारा."

बाहेर जाऊन अल्सूला हेच शब्द सांगितले. ती "बरं" म्हणाली. फक्त "बरं". आणि तेवढ्यात देम्यान ओसिपोविच नकाशा घेऊन आला. तिला बाजूला हो म्हणायचंही त्याला भान नव्हतं.

"कापितोलिना, नीट ऐका आणि नीट उत्तर द्या. दोन वाटा आहेत. एक नवी, पक्क्या खडकातून, सात दिवस लागतील. दुसरी जुन्या बोगद्यातून, तीन दिवस. त्याचे टेकू कुजलेत, छत कधीही बसेल. खाली नुसता धडधाकट माणूस असता तर मी लांबची घेतली असती. पाणी आहे, सात दिवस काढेल कसाबसा. पण जखमी सात दिवस काढणार नाही. जखमी उत्तर देतोय का? स्पष्ट सांगा. यावर मी दहा माणसं सडक्या छताखाली घालणार आहे."

"देतोय," मी म्हणाले. "आत्ताच. गोष्ट ऐकून रडला."

त्यानं अल्सूकडे बघितलं. ती दाराची चौकट धरून उभी होती, इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. काहीतरी बोलेल असं वाटलं. बोलली नाही.

"जुना बोगदा," असं म्हणून तो गेला.

मला वाटलं ती आनंदानं माझ्या गळ्यात पडेल. ती बाकावर बसली आणि भिंतीकडे तोंड केलं. माणसाचं काही कळत नाही.

दुपारी चहा घेताना उपाहारगृहातल्या ग्लाफिराला म्हटलं, लीदियाला मारतात तो भाग फार वाईट बाई. ती पळी हातात धरून बघतच राहिली. "लीदियाला मारतात? कुठल्या मालिकेत? बाराव्या भागात जहाजावर चढते की ती, निळा रुमाल बांधून! तू बघितलीयेस ना कापा?"

मी म्हटलं, हो हो, माझा गोंधळ झाला. अल्सूनं सहा रात्री डोळ्याला डोळा लावलेला नाही, चुकणारच. तिला बोलले मात्र नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार

काल आल्या आल्या अल्सू स्वतःच म्हणाली, "काल मी चुकीचं सांगितलं. गोळी घातली ती दुसरी बाई होती. लीदिया सुटली. एवढं आधी सांगून टाका." मी सांगितलं, तर प्रोखोर एवढ्यानं ओरडला, "जिवंत आहे?" की मला कान बाजूला घ्यावा लागला. आठ दिवस उपाशी असलेला माणूस!

"मन्सूरला बरं वाटलं असेल," मी म्हटलं.

"कोणाला? हो. हो, त्यालाही."

अल्सूची सांगायची रीत बदललीय. आधी एक-दोन भाग सलग सांगायची. आता थोडं थोडं सांगते, बारीक बारीक तपशील घालून, आणि नेमकं गाठ आवळत आली की थांबते. कमांडंट दुकानाच्या दारात उभा, घड्याळजीच्या हातात बिनतारी यंत्राचा सुटा भाग, आणि ही म्हणते, "इथंच सोडा."

"अगं, मधेच का तोडतेस? तो कावतो माझ्यावर."

"कावू दे. माणसाला उद्याची वाट बघायला काहीतरी हवं."

आणखी एक. आता ती 'मन्सूर हसला का' असं विचारत नाही. 'प्रोखोरकाका काय म्हणाले' असं विचारते. मला जरा खटकलंच. नवरा खाली तडफडतोय आणि ही काकांची चौकशी करते. पण अशा वेळी कोण कसं वागेल, आपण कोण बोलणारे.

आज सकाळी जुन्या बोगद्याचं छत बसलं. स्त्योपा म्हणून पथकातला तरुण माणूस, त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला. स्ट्रेचर माझ्या खिडकीसमोरून गेलं. देम्यान ओसिपोविच चालत होता शेजारून, टोपी हातात, उणे अठ्ठावीसमध्ये. परत आला आणि उरलेल्या नऊ जणांना घेऊन पुन्हा आत गेला.

आणि दुपारी प्रोखोरनं हाय खाल्ली. पाणी मांडीपर्यंत चढलंय. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "कापा, पुरे आता. छान सांगितलंस. मी जरा पडतो."

"पडू नकोस! प्रोखोर! अकरावा भाग आहे!"

"राहू दे."

मी खुर्ची पाडून बाहेर धावले. अल्सूला सांगितलं, तो झोपायला निघालाय. तिनं एक क्षणही विचार केला नाही. "त्यांना म्हणा, मन्सूर तुमच्या भरवशावर आहे. तुम्ही झोपलात तर त्याला अकरावा कोण सांगणार? अल्सू विचारते आहे म्हणा. अल्सू, असं नाव घेऊन."

मी तसंच सांगितलं. पलीकडे पाण्याचा डुबुकडुबुक आवाज. वाटलं संपलं. मग दात वाजल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "अल्सू विचारते?"

"दारात उभी आहे."

"बरं. बसतो उठून. सांग."

अकरावा भाग सांगायला मी साडेतीन तास लावले. अल्सू एकेक वाक्य देत होती, मी आतबाहेर करत होते. गुडघे सुजलेत.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी सव्वा वाजता पथकानं वाट फोडली.

प्रोखोरला वर आणलं तेव्हा डोळ्यांवर पट्टी होती, चेहरा मेणासारखा, पण जिवंत. त्याच्या मागून दुसरं स्ट्रेचर. त्यावर तोंडापर्यंत ताडपत्री.

पथकाचा डॉक्टर म्हणाला, पाच-सहा दिवस झालेत.

मी म्हटलं, शक्यच नाही. काल तो अकरावा भाग ऐकत होता. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं आणि कुणाला तरी म्हणाला, या बाईंना चहा द्या.

अल्सू ताडपत्रीजवळ गेली. किंचाळली नाही. कडा सरळ केली, मुलांचं पांघरूण सारखं करतात तशी.

१८ फेब्रुवारी, शनिवार

काल मन्सूरला पुरलं. सगळी खाण आली होती.

आज देम्यान ओसिपोविच टेलिफोनच्या खोलीत आला, माझी नोंदवही उघडून बसला. चौकशी समिती सोमवारी येणार. माझ्याच अक्षरात सगळं. 'जखमी उत्तर देतो.' 'जखमी मान हलवतो.' 'जखमी रडला.'

"यातलं तुम्ही स्वतः काय ऐकलं?"

"शुक्रवारचं हसणं. त्यानंतर काहीच नाही. प्रोखोर सांगेल ते मी लिहीत गेले."

तो वही मिटून म्हणाला, "मला खरं कळलं असतं तर लांबची वाट घेतली असती. स्त्योपाचा पाय राहिला असता. काल कापला तो. आणि प्रोखोर काल-परवाच बुडाला असता, पाणी असं चढेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आता यातलं कागदावर काय घालू, तुम्हीच सांगा."

"ऐकलं ते ऐकलं म्हणून लिहा. ऐकलं नाही ते मी ऐकलं म्हणून सांगितलं, असं लिहा. सही करते."

"नोकरी जाईल."

"जाईल."

तो गेल्यावर मी तशीच उठून अल्सूकडे गेले. दार उघडल्या उघडल्या बोलले, आल्यागेल्याचंही भान ठेवलं नाही. "तुला माहीत होतं. सातवा भाग मुद्दाम चुकीचा सांगितलास."

"हो." ती चुलीपाशी उभी होती. "लीदियाला मारलं म्हटल्यावर मन्सूर मेल्यावरसुद्धा उठून भांडला असता. 'खोटं आहे' म्हणून ओरडला असता. तुम्ही येऊन सांगितलंत, रडला. तेव्हा कळलं."

"आणि साहेब समोर विचारत होता! दहा माणसं! बोलली का नाहीस?"

"प्रोखोरकाका जखमी नव्हते ना, कापामावशी. त्यांच्यासाठी कुणी घाई केली नसती." मग म्हणाली, "तेव्हा एवढाच विचार केला. स्त्योपाचा नाही केला. काल त्याच्या आईकडे जाऊन आले. तिनं आत घेतलं नाही. बरोबर केलं तिनं."

मला खूप बोलायचं होतं. बसले, आणि तिनं पुढं केलेला चहा प्यायले.

२० फेब्रुवारी, सोमवार

समितीपुढे सही केली. बघू काय होतं ते.

तिथून अल्सूला घेऊन रुग्णालयात गेले. मुल्लांनी तिला विचारलं होतं, चाळिसाव्याच्या प्रार्थनेसाठी चाळीस दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे? डॉक्टर नक्की सांगत नाहीत. सांगू शकेल असा एकच माणूस.

प्रोखोर उशीला टेकून बसला होता. तिला बघताच त्यानं तोंड फिरवलं. "मी तुझ्याशी खोटं बोललो पोरी."

"माहीत आहे."

"तुझ्यासाठी बोललो असं मनाला सांगत होतो. खरं म्हणजे स्वतःसाठीही बोललो. तो गेला म्हटलं असतं, तर तुम्ही गोष्ट बंद केली असती."

अल्सूनं स्टूल ओढून घेतलं. "कधी गेला?"

"तिथं दिवस कुठला, रात्र कुठली. तिसऱ्या भागात. ती कोकिळा ओरडली, तो हसला. मग खोकला. माझा हात धरला होता त्यानं. मग सोडला."

ती माझ्याकडे वळली. "तिसरा भाग कधी सांगितलात?"

मी ही वही पिशवीतून काढून बघितली. शुक्रवार, दहा तारीख, अकरानंतर. तिनं ते एका कागदावर लिहून घेतलं आणि कागद चार घड्या करून कोटाच्या खिशात ठेवला.

"मग चौथ्यापासून कोण ऐकत होतं?" तिनं विचारलं.

"मी."

"एकटेच?"

"एकटाच. त्यालाही सांगायचो, मोठ्यानं. सगळं पुन्हा, पहिल्यापासून. नाहीतर फार शांत व्हायचं तिथं."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. मग अल्सूनं प्रोखोरच्या पेल्यात पाणी ओतलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बारावा राहिलाय. मोठा आहे. थकला नसाल तर सांगते."

प्रोखोर पेला दोन्ही हातांनी धरून बसला.

तिनं सुरुवात केली. बंदरावर धुकं आहे, घड्याळजी दुकानाला कुलूप लावतो. रडत नव्हती, थांबत नव्हती. नर्स एकदा येऊन म्हणाली, भेटायची वेळ संपली. दहा मिनिटांनी पुन्हा येऊन म्हणाली. तिसऱ्यांदा आली ती भिंतीला टेकून उभीच राहिली. लीदिया निळा रुमाल बांधून घरातून निघते तिथं आल्यावर नर्सला राहवेना. "नाही हो ताई, आधी ती खिडकीतला दिवा लावते, मग जहाजाचा भोंगा होतो, आणि मग तो..."

"ए बाई, गप्प बस की!" प्रोखोर खेकसला. "मला माहीत नाहीये पुढचं."